‘चिकटणे’ की ‘धरणे’ ?

मूत्रमार्गाच्या विकारांविषयीच्या मराठी लेखनात जंतू पेशींना ‘चिकटतात’ हे विधान सर्रास आढळते. वाक्य निर्दोष दिसते. अर्थदृष्ट्या मात्र ते दिशाभूल करते. सिंदी मेघेचा मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी शेजारच्या सावंगीला वैद्यक शिकावयास गेला, तर ही दिशाभूल तो सोबत घेऊनच जाईल.

‘चिकटणे’ हे अकर्मक क्रियापद. चिखल पायाला चिकटतो, तसाच चाकालाही. पृष्ठभाग कोणता, याची पृच्छा त्यात नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. माणसाच्या काय किंवा डुकरिणीच्या काय, मूत्राशयात घर करणाऱ्या ‘एश्चेरिशिया कोलाय’ या जंतूच्या अंगावर सूक्ष्म तंतू असतात. त्यांच्या टोकाचे ‘फिमएच’ हे प्रथिन पेशीवरील मॅनोज ही शर्करा ओळखते. द्रवात मोकळे मॅनोज मिसळले की पकड बसत नाही. डिंकाच्या बाबतीत असे घडत नाही. वराहांच्याच मूत्रमार्गात रोग करणाऱ्या आणि १९५७ साली वर्णिल्या गेलेल्या ‘ॲक्टिनोबॅक्युलम सुइस’ या जंतूलाही असे तंतू आहेत.

या तंतूंना ड्यूगिड व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये झालरवाचक लॅटिन नाव दिले. १९५९ मध्ये ब्रिंटन यांनी केसवाचक. पदराच्या ‘दशा’ मराठीत असताना पहिल्यासाठी शब्द शोधत हिंडण्याचे खरोखर कारण नव्हते.

‘चिकटणे’ सर्वांत उघडे पडते ते प्रवाहापुढे. मूत्राच्या ओघाने चिकटलेले धुऊन जावे, अशी अपेक्षा. परंतु २००२ मध्ये दिसून आले की ताण वाढताच फिमएचची पकड अधिक घट्ट होते. निरगाठ ओढली की आवळते, तसे हे आहे. मात्र ओघ मंदावताच पकड सैल होऊन जंतू पुढे सरकू शकतो, आणि तेथे निरगाठीची उपमा संपते.

‘धरणे’ हे सकर्मक असल्याने काय धरले, हे सांगणे भाग पडते. त्याने जंतूला हेतू बहाल होतो, असा आक्षेप येईल. तो टिकणारा नाही. खादीच्या या वर्धा परिसरात कापड रंग ‘धरते’ असेच म्हणतात. तेच कापड एक रंग धरते, दुसरा धरत नाही, आणि कापडाला हेतू आहे असे कोणी मानीत नाही.