गाऱ्हाण्याचे वाङ्मय

दिवाळी आठ दिवसांवर आली की ज्या घरात अजून फराळ घरीच होतो, त्या घरात शेजारपाजारच्या दोन-चार बायका हाताखाली येऊन बसतात. कोणी करंज्यांच्या पाऱ्या लाटते, कोणी सोऱ्या फिरवते, आणि हातांबरोबर तोंडेही चालू होतात. थोरल्या जाऊबाई काय बोलल्या, मुलाचे दहावीचे वर्ष असून तो पुस्तकाला कसा शिवत नाही, सासऱ्यांच्या औषधाचा खर्च कोणत्या भावाने उचलायचा, यजमान घरी आले की तोंडातून शब्द कसा काढत नाहीत. चकल्यांचा घाणा उतरेपर्यंत चार संसारांची झडती होऊन जाते. पुरुषमाणूस तिकडून जाताजाता 'चालू द्या तुमचे' म्हणतो, आणि आमचे टीकाकारही गेली शंभर वर्षे वाङ्मयाच्या या दालनावरून जाताना जवळजवळ तेच म्हणत आले आहेत. 'चूलमूल', 'स्वयंपाकघरातील लेखन', 'रडगाणे' असे दोन-तीन शिक्के आहेत. त्यांतला एखादा मारला की काम झाले. माझे म्हणणे असे, की हे शिक्के मारणाऱ्यांनी गाऱ्हाणे म्हणजे काय याचा विचारच केलेला नाही.

तक्रार आणि गाऱ्हाणे यांत अंतर आहे. तक्रार कचेरीत जाते. तिला तड हवी असते. गाऱ्हाणे आपल्या माणसापुढे मांडायचे असते. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात ते वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. एकजण देवाला एकेक गोष्ट सांगत जातो आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणतात. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणे पुरे होत नाही. सांगणाऱ्याइतकाच ऐकणारा तिथे आवश्यक असतो. मैत्रीण 'हो गं बाई, आमच्याकडेही तेच' म्हणते तेव्हा ती हेच काम करीत असते. तिने सल्ला द्यावा अशी अपेक्षा नसते. बहुधा सल्ला दिलेला आवडतही नाही. म्हणून अशा लेखनाकडे पाहताना मी आधी एकच गोष्ट तपासते: ही बाई हे कोणाला सांगते आहे?

जात्यावरची ओवी घ्या. पहाटेच्या अंधारात दोघीजणी जात्याशी बसल्या. घरातली इतर माणसे झोपलेली. दिवसा जे बोलायची सोय नाही ते सूर लावून बोलायची ही वेळ. ओवीत सासूचे नाव घ्यायचे नसते, नवऱ्याचे तर नाहीच. आणि भावाचा बडेजाव इतका करायचा की सासरी ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यावे. ज्या बाईला समोर सखी मिळाली नाही ती जात्यालाच देव मानून त्याच्याशी बोलते. जनाबाईने तर विठ्ठलालाच दळायला बसवले. याहून चांगला श्रोता कोणत्या कवीला मिळाला? ओव्यांमधली एक कल्पना मला फार मोठी वाटते: सीतेने आपला सासुरवास एकटीला सोसवेना म्हणून जगातल्या बायकांना थोडाथोडा वाटून दिला. म्हणजे घरोघरीचा जाच हा त्या एका मोठ्या दुःखातला वाटा. माझ्या पदरी आले ते माझ्या नशिबाचे खोट नाणे नव्हे, सीतेच्या हातून आलेले वाण आहे, एवढा आधार त्या अक्षरशत्रू बायकांनी आपला आपण रचला. पंडितांच्या रामायणात हा प्रसंग शोधून सापडायचा नाही.

या ओव्या जमवणाऱ्यांचे आपल्यावर ऋण आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये त्या संग्रहित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामाला आयुष्ये दिली असे म्हटले तरी चालेल. तरी एक गोष्ट मनात येतेच. संग्रहात ओव्या विषयवार लावाव्या लागतात: माहेर, भाऊ, सासर, लेक, पंढरी. अभ्यासाला हे सोयीचे. पण जात्यावर बसलेली बाई विषयवार बोलत नाही. ती लेकीवरून सुरुवात करते, लेकीवरून आईकडे जाते, आईवरून भावजयीचा राग काढते आणि दोन ओव्यांत पंढरपूरला पोचते. कोणत्या ओवीनंतर कोणती आली, यातच तर तिच्या मनाची वाट होती. छापील पानावर ती वाट पुसते आणि उरतात सुट्या ओव्या, धुऊन वाळवलेल्या. सुदैवाने पुष्कळ गायिकांचा आवाज ध्वनिमुद्रित झालेला आहे. तो ऐकावा. एकीने ओळ टाकल्यावर दुसरी ती उचलून धरते, तेव्हा कोकणातला तो होकार इथेही आहे हे कानाला कळते. विजेची गिरणी आली आणि मनगटे सुटली, याचे दुःख करण्याचे कारण नाही. दळण्याचे कौतुक ज्याने दळले नाही त्यानेच करावे. मात्र गिरणीने पीठ दिले, सखी दिली नाही.

त्यानंतर छापील पुस्तकात शिरलेले गाऱ्हाणे म्हणून 1933 सालच्या 'कळ्यांचे निःश्वास'चे नाव घ्यावे लागते. विभावरी शिरूरकर हे नाव टोपण होते. त्यामागे मालतीबाई बेडेकर होत्या. पुस्तक आले आणि ही बाई कोण, बाईच आहे की बाईच्या नावाआड पुरुष, यावरच अर्धा महाराष्ट्र भांडला. या कथांतली गाऱ्हाणी सासूविषयी नाहीत. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींची ती आहेत, आणि ज्यांच्याविषयी आहेत ते आईबाप आहेत. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे एका कथेचे नावच केवढे बोलके आहे! मुलीच्या पगारावर घर चालते आणि म्हणून तिच्या लग्नाची घाई कोणालाच नसते. ओवीतल्या बाईला निदान माहेर तरी होते. दुःख सासरी ठेवून ती मनाने तिकडे जाऊ शके. मालतीबाईंनी माहेराचाच उंबरा उकरला. लोक चिडले ते उगीच नाही.

पण टीका करायची तर खरे बोलले पाहिजे. या कथांतल्या मुली पुष्कळदा मैत्रिणीशी बोलताबोलता मध्येच समाजाशी बोलू लागतात. आवाज चढतो, वाक्ये मोठी होतात, आणि मैत्रीण बिचारी बाजूला राहते. त्या काळी समाजाच्या कानापर्यंत जायचे तर आवाज चढवणे भाग होते हे मान्य करूनही, ज्या जागी त्या हळू बोलतात त्या जागाच आज वाचवतात.

पुरुषांनी गाऱ्हाणी लिहिली नाहीत असे नाही. 'दिवाकरां'च्या नाट्यछटा म्हणजे दुसरे काय? एकच माणूस बोलतो. समोरचा काय म्हणाला ते आपण त्याच्या उत्तरावरून ओळखायचे. ब्राउनिंगच्या काव्यावरून ही रीत सुचली असे म्हणतात, पण आपल्या आळीतल्या ओसरीवर ती आधीपासून चालू होतीच. दिवाकर माझ्यासारखेच शिक्षक, तेव्हा त्यांच्याविषयी मला थोडे जास्त ममत्व आहे. चिं. वि. जोशांचा चिमणराव तर संसाराचे गाऱ्हाणे सांगतासांगता दरवेळी स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. म्हणून काऊला त्याच्याविरुद्ध वेगळे पुस्तक लिहावे लागले नाही.

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही पाच-सहाजणी एकत्र डबा खातो. भाजीची देवाणघेवाण आणि घरची देवाणघेवाण बरोबरच चालते. मी कादंबऱ्या लिहिते हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे एखादी बोलताबोलता थांबते आणि म्हणते, 'हे तुमच्या पुस्तकात नको हं.' हसण्यावारी नेले तरी हा प्रश्न मोठा आहे. मैत्रिणीला सांगितलेले गाऱ्हाणे त्या डब्याबरोबर संपते. छापलेले गाऱ्हाणे ज्याच्याविषयी आहे त्याच्या हातात पडते. सासूही वाचते, दीरही वाचतो. उद्या त्याच घरात चहा करायचा असतो. हे ज्याला कळत नाही तो बायकांच्या लेखनातले मौन म्हणजे भित्रेपणा समजतो.

या दृष्टीने बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचावे. पुस्तक 1986 सालचे. फलटणला किराणा मालाचे दुकान चालवताचालवता त्यांनी ते लिहिले आणि कित्येक वर्षे नवऱ्यापासून, मुलापासून लपवून ठेवले. दुकानातल्या पुड्यांच्या कागदांमागे एका समाजाचा इतिहास दडून बसला होता! पुस्तकाच्या नावातच 'आमुचं' आहे, 'माझं' नाही. वीरगावच्या महारवाड्यात गावाने केलेला छळ त्यांनी लिहिला, आणि त्याच महारवाड्यात सासूने सुनेचा केलेला छळही झाकला नाही. सूनही पुढे सासूच होते, आणि तिच्यावरचा वचपा नव्या पोरीवर निघतो, हे त्यांनी ज्या स्वच्छपणे पाहिले त्याला तोड नाही. इथे गाऱ्हाणे कोणापुढे आहे? आपल्याच माणसांपुढे, आणि अवघड ते हेच. परक्यापुढे आपल्यांची बाजू घेणे सोपे असते. स्वतःच्या संसारातले मात्र या पुस्तकात फारच थोडे आले आहे. काही वाचकांना ती उणीव वाटते. मला वाटत नाही. ज्या घरात वही लपवावी लागते, त्या घराविषयी त्या वहीत काय लिहिता येईल याचा विचार करावा.

आता माझे सर्वांत आवडते पुस्तक. त्यासाठी काळाचा क्रम मोडून मागे यावे लागेल. पण आवडते पक्वान्न शेवटी वाढण्याची मोकळीक दिवाळीत असावी. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' 1910 साली निघाल्या. शिकते म्हणून घरातल्या थोरल्या बायकांनी त्यांना किती बोल लावले, हे त्यांनी लिहिले आहे. पण त्या जणू दिवंगत पतीच्या तसबिरीपुढे बसून लिहितात. शब्द ओठापर्यंत येतो, आणि 'त्यांना' काय वाटेल म्हणून मागे फिरतो. त्या संयमाचा मान राखावा असे वाटते, आणि दोन पाने थांबून त्या मोकळ्या बोलत्या तर बरे झाले असते असेही वाटते.

लक्ष्मीबाई टिळक मोकळ्या बोलतात. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने बाहेर आली. गाऱ्हाणी मांडायला या बाईइतकी सामग्री क्वचितच कोणाला मिळाली असेल. आजोबांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाले आणि तो धक्का घेऊन वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात जे येईल ते धुवायचे. नवरा कवी, तापट, दाता. हातात पैसा ठरायचा नाही, आणि आज कोणत्या गावी जाईल याचा पत्ता नाही. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले आणि नवरा जिवंत असून बाई एकटी पडली. पुढे त्या पुन्हा टिळकांकडे गेल्या आणि 1900 साली स्वतःही बाप्तिस्मा घेतला. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या कोणी चार खंड रडून काढले असते.

लक्ष्मीबाई सांगतात, आणि आपण हसतो. हे हसू त्यांनी दुःखावर शिंपडलेले गुलाबपाणी नाही. त्या प्रसंग सांगताना स्वतःला त्यात उभे करतात: मी काय बोलले, मी कशी चिडले, मी किती मूर्खासारखी रुसले. ज्याच्याविषयी गाऱ्हाणे आहे त्यालाही त्या बोलू देतात. टिळकांचा राग आहे तसा दाखवतात आणि पुढच्याच ओळीत त्या रागाखालचा वेडा, भाबडा माणूस दाखवतात. त्यामुळे ऐकणाऱ्याला कोणाची बाजू घ्यावी हे कळेनासे होते, आणि तो दोघांचीही घेतो. मैत्रिणीजवळ नवऱ्याचे गाऱ्हाणे सांगणाऱ्या बाईला मनातून नेमके हेच हवे असते. मैत्रीण फारच पोटतिडकीने नवऱ्याला नावे ठेवू लागली तर तीच म्हणते, 'नाही गं, तसे मनाने वाईट नाहीत.' हा क्षण आमच्या कादंबऱ्यांतून सहसा सुटतो. 'स्मृतिचित्रां'त तो पानोपानी आहे.

आणि हे त्या कोणाला सांगत होत्या? मुलाला. आईच्या मागे लागून देवदत्त टिळकांनी हे लेखन करवून घेतले. आईने बापाविषयी मुलाला सांगायचे, म्हणजे विष घालायचे नाही आणि खोटेही सांगायचे नाही. ही तारेवरची चाल त्यांना पुस्तकभर साधली आहे. 1936 साली लक्ष्मीबाई वारल्या तेव्हा चौथा भाग अपुरा होता. तो देवदत्तांनी पुरा केला. त्यांनी काम चोख केले आहे, माहिती सगळी आहे; पण आईची पाने संपून मुलाची सुरू होतात ती जागा वाचकाला कोणी बोट ठेवून दाखवावी लागत नाही. इतका वेळ ऐकत बसलेला माणूस एकाएकी बोलू लागलेला असतो.