सेन्सेक्सला न दिसलेली मंदी

‘स्कॅम १९९२’ आली ९ ऑक्टोबर २०२० ला. अर्धा देश घरात अडकून मोबाईलवर काही ना काही बघत होता. दहा भाग, हंसल मेहता यांचं दिग्दर्शन, प्रतीक गांधीने उभा केलेला हर्षद मेहता, आणि अचिंत ठक्करची ती धून, जी पुढे कितीतरी जणांची रिंगटोन झाली. मी पोलादपूरला वर्क फ्रॉम होम करत होतो. रेंजसाठी गच्चीत बसून तीन रात्रींत मालिका संपवली.

मालिका उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझा मुद्दा वेगळा आहे. शेअर बाजार कोसळला की देशाचं काय होतं, हे सांगणारी आपल्या पिढीकडे जवळपास हीच एक गोष्ट आहे. आणि ती बाजारातच सुरू होते, बाजारातच संपते.

आधी तिचं श्रेय तिला देऊ. बँकांमधला घोटाळा समजावणं सोपं नाही. बँका एकमेकींना सरकारी रोखे विकायच्या, पण रोखे हातात न देता एक पावती द्यायच्या. ही बँक रिसीट. मधला दलाल तो पैसा काही दिवस आपल्याकडे वळवायचा आणि शेअरमध्ये लावायचा. पुढे पुढे तर रोखे नसतानाच पावत्या निघू लागल्या. मी सॉफ्टवेअरवाला आहे. दोन सिस्टिम एकमेकींवर भरवसा ठेवून मधली तपासणी गाळतात तेव्हा काय होतं, हे मला नीट माहीत आहे. पटकथेने हे सगळं अवघड न करता दाखवलंय. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकाचा भक्कम पाया असल्यामुळे ते जमलं.

मग २३ एप्रिल १९९२ ला बातमी फुटते. आदल्या दिवशी साडेचार हजारांच्या जवळ पोहोचलेला सेन्सेक्स घसरू लागतो. २८ एप्रिलला एका दिवसात जवळपास १३ टक्के पडतो. इथून पुढे कॅमेरा कुणाच्या मागे जातो, ते बघा. हर्षद, त्याचं घर, त्याचा भाऊ, त्याचे वकील. बुडालेले गुंतवणूकदार गर्दी म्हणून येतात आणि गर्दी म्हणूनच जातात. नकली पावत्यांच्या प्रकरणात ज्यांची नावं आली, त्यांत बँक ऑफ कराड होती. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, तिथून साताऱ्यामार्गे कराड. आमच्यापासून काही फार लांब नाही. ती बँक १९९२ मध्येच अवसायनात निघाली आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात गेली. मधली दोन वर्षं तिथल्या ठेवीदारांनी कशी काढली असतील? मालिका कराडला जात नाही. एका माणसाच्या चढण्या-पडण्याची गोष्ट सांगायची म्हटलं की सगळ्यात मोठा पडणारा तोच असावा लागतो. बाकीच्यांच्या नुकसानीला त्यात जागा उरत नाही.

यावर कुणी म्हणेल, १९९२ च्या पडझडीने देशात मंदी आलीच कुठे? बरोबर आहे. परकीय चलनाच्या संकटामुळे १९९१-९२ मध्ये देशाची वाढ दीड टक्क्याच्या आसपास अडकली होती. बाजार कोसळला त्या १९९२-९३ मध्ये ती उलट पाच टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे बाजार आणि देश एकत्र पडतातच असं नाही. मालिका बघून उठणाऱ्याला हे कळायला हवं होतं. तसं होत नाही. तो उठतो तेव्हा त्याच्या डोक्यात सेन्सेक्स म्हणजेच देश असतो.

हे मी हवेत बोलत नाही. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती; ऑगस्ट २०२२ मध्ये ती दहा कोटींवर गेली. महाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारे माझे मित्र त्यातलेच. चहाच्या टपरीवर हर्षदचे डायलॉग ऐकू येतात. देश कसा चाललाय असं विचारलं की ते निफ्टीचा आलेख दाखवतात.

त्याच आलेखाने २०२० मध्ये काय दाखवलं होतं? २३ मार्चला सेन्सेक्स १३ टक्के पडला, १९९२ च्या त्या दिवसापेक्षाही जास्त. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. आमच्या दारावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा हायवेवरून चाकरमानी पायी निघाले होते. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, पुढे कशेडीचा घाट. आणि नोव्हेंबरमध्ये सेन्सेक्सने नवा उच्चांक गाठला. त्या उच्चांकात हायवेवरची ही माणसं कुठेच नव्हती.

उलटंही झालंय. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतली माणसं त्यात होती, कारण इथली शेती नाचणी, वरी आणि पावसाळी भाताची. वर्ष काढायचं ते मुंबईच्या मनीऑर्डरवर. माझे आजोबाही गिरणीतच होते. आजी सांगते, त्या वर्षी पोस्टमन आमच्या वाडीवर चढायचा थांबला. दुकानदाराच्या वहीत नाव वाढत गेलं. बाबा आठवीत होते. त्यांची शाळा तिथेच सुटली. हीसुद्धा मंदीच होती, आणि ती बाजार न कोसळता आली होती. सेन्सेक्सचा तर जन्मच १९८६ चा, आणि त्या दशकात शेअर बाजार चढतच होता.

ही मंदी मला भेटली ती जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात. महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ त्यावरूनच आला, पण मी नाटकाबद्दल बोलतोय. गिरणगावातली एक खोली, आई, आणि हाताला काम नसलेली मोठी मुलं. तिथे आकडे येत नाहीत. बेकारी येते ती भावाभावांच्या भांडणातून, जेवणाच्या ताटावरून निघालेल्या टोमण्यातून. ‘स्कॅम’ पैसा कुठल्या नळातून गेला ते दाखवते. ‘अधांतर’ नळ कोरडा पडल्यावर घरात काय होतं ते दाखवतं. आपल्याला दोन्ही लागतात, पण मोबाईलवर एकच पोहोचलंय.

अजून मागे जाऊ. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा बाजार कोसळला आणि जगभर महामंदी आली. कोकणातल्या शेतकऱ्याकडे शेअर नव्हते. त्याच्याकडे मंदी आली ती भावाच्या रूपाने. तीन-चार वर्षांत शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले. सारा आणि सावकाराचं व्याज मात्र रुपयांत ठरलेलं, ते काही निम्मं झालं नाही. म्हणजे कर्जाचा आकडा तोच, आणि ते फेडायला भात दुप्पट. देशभर घराघरांतलं सोनं बाहेर निघालं आणि बोटीने परदेशी गेलं. आमच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, वर खोतही होता. ऑक्टोबर १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायचंच बंद केलं. पंचवीस गावं, जवळपास सहा वर्षं. मंदी हे एकमेव कारण नव्हतं; खोतीचा जाच जुना होता, महाडकडेही तोच होता. पण आधीच वाकलेल्या माणसावर ओझं वाढलं ते या काळात. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. मंदीत देशाचं काय होतं, याचं एक उत्तर हे आहे: माणसं कुणाला किती देणं लागतो, हा हिशेबच पुन्हा मांडायला लावतात.

या सगळ्यात बाजार आणि माणसं खरोखर एकत्र कोसळली, ती १८६५ मध्ये मुंबईत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. प्रेमचंद रायचंद तेव्हाचे हर्षद मेहता. बॅकबे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर त्याच्या कितीतरी पट किमतीला जात होता. शेअर तारण ठेवून बँक ऑफ बॉम्बे कर्जं वाटत होती. युद्ध संपलं, कापूस उतरला, १ जुलैच्या सौदापूर्तीला पैसे कुणाकडेच नव्हते. बँक बुडाली. इथेही नळ बँकेचाच. बाजाराची पडझड बँकेपर्यंत पोहोचली की ती सगळ्यांची होते.

१८६४ च्या मोजणीत मुंबईत ८,१६,५६२ माणसं होती. १८७२ मध्ये ६,४४,४०५. पहिली मोजणी थोडी फुगलेली धरली, तरी फरक एक लाख ७२ हजारांचा आहे. प्रेमचंदांचं नाव राहिलं. त्यांनी आईच्या नावाने पैसे दिलेला राजाबाई टॉवर अजून उभा आहे. पण शहर सोडून गेलेल्या त्या माणसांतली किती गलबतात बसून कोकणच्या बंदरांत उतरली, किती घाट चढून वर गेली, परत आल्यावर भावकीने त्यांना शेताचा तुकडा दिला की नाही? दहा भागांचा ऐवज यात सहज आहे. फक्त त्यात हिरो मिळणार नाही, आणि रिंगटोन होईल अशी धूनही बहुतेक नसेल.