डिजिटल नागरिकत्व आणि शालेय विषय : फिनलंडच्या अभ्यासक्रमाचा विचार

डिजिटल नागरिकत्वाचे शिक्षण स्वतंत्र तासिकेत द्यावे की सर्व विषयांच्या अध्यापनात मिसळून द्यावे, ह्या वादात दुसऱ्या पक्षाची सरशी झाल्यासारखी दिसते. परंतु मिसळावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, ह्याविषयी ह्या पक्षाचे विवेचन बहुधा त्रोटक असते. ह्या दृष्टीने फिनलंडचा मूलभूत शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम तपासण्याजोगा आहे. तो २०१४ साली संमत झाला व २०१६ च्या ऑगस्टपासून टप्प्याटप्प्याने शाळांत लागू झाला.

ह्या अभ्यासक्रमात डिजिटल नागरिकत्व नावाचा विषय नाही. सात सर्वविषयव्यापी क्षमता सांगितल्या असून त्यांपैकी चौथी बहुविध साक्षरतेची, पाचवी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची आणि सातवी सहभागाची व शाश्वत भविष्याच्या घडणीची आहे. विषयाच्या उद्दिष्टापुढे ते कोणत्या क्षमतांशी निगडित आहे, त्यांचे क्रमांक दिलेले असतात. योजना सुबक खरी. पण क्रमांक छापल्याने अध्यापन बदलते असे मानणे हा भाबडेपणा होय. एकाच उद्दिष्टापुढे अनेक क्रमांक आले म्हणजे शिक्षकाची दृष्टी त्यांवरून घसरण्याचाच संभव अधिक.

जेथे ही योजना सजीव वाटते तेथे तिचे बळ क्रमांकांत नसून त्या त्या विषयाच्या स्वभावात आहे. इतिहासाचे उदाहरण बोलके आहे. साधनांची चिकित्सा हा फिनलंडमधील इतिहास-अध्यापनाचा एक प्रमुख भाग. मजकूर कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणासाठी लिहिला, त्याला दुसऱ्या साधनाचा दुजोरा आहे काय, हे प्रश्न जुना कागद वाचणाऱ्यास जसे विचारावे लागतात तसेच व्हॉट्सॲपवर फिरत आलेला संदेश वाचणाऱ्यासही. मराठी अभ्यासकास ही पद्धती परकी वाटू नये. बखरीपेक्षा अस्सल समकालीन पत्र अधिक विश्वसनीय, हा राजवाड्यांचा आग्रह ज्या विद्यार्थ्यास खरोखर उमगला, त्याला खोट्या बातमीविषयी वेगळा धडा देण्याची गरज फार थोडी उरते. गणितातही असेच. आलेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी मध्येच कोठे तरी आरंभिला म्हणजे अल्पशी वाढ प्रचंड भासते. हे दाखविण्यास गणिताबाहेर जावे लागत नाही.

ह्याउलट, अमेरिकेत रिबल व बेली ह्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डिजिटल सिटिझनशिप इन स्कूल्स’ ह्या ग्रंथाने शिष्टाचार, सुरक्षा, आरोग्य, व्यापार, कायदा इत्यादी नऊ घटक मांडले. हक्कांना व साधनांच्या उपलब्धतेलाही त्यांत स्थान आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि भर आहे तो वापरणाऱ्याने कसे वागावे ह्यावर. ज्याच्या व्यासपीठावर तो वावरतो त्याला त्याने काय विचारावे, ह्यावर नाही. वर्तनाचे असे नियम कोणत्याच विषयाचे सहज अंग होत नाहीत. भाषेच्या तासाला सांगितले काय आणि शारीरिक शिक्षणाच्या तासाला सांगितले काय, तो उपदेशच राहतो. महाराष्ट्रातील परिपाठात मूल्यशिक्षणाचे जे होते, ते ह्याहून फारसे निराळे नाही.

फिनिश योजनेतील उणीव दुसऱ्या जागी आहे. विनामूल्य सेवा देणारी कंपनी आपला खर्च कशातून भागविते, विद्यार्थ्याविषयीची माहिती कोणाकडे जाते, हा प्रश्न इतिहासाचा नाही, गणिताचा नाही, भाषेचाही पुरता नाही. त्याचे घर समाजशास्त्रीय विषयात आहे, आणि तेथे तो नावानिशी मांडला नाही तर सर्वांचे म्हणून ठेवलेले काम कोणाच्याच हातून होत नाही. सर्वविषयव्यापी क्षमतांना स्वतंत्र गुण नसल्यामुळे ही हेळसांड प्रगतिपुस्तकात दिसावयाचीही नाही.

हा प्रश्न तेथे निकडीचा आहे. फिनलंडमध्ये ऑनलाइन सेवेसाठी आपल्या माहितीच्या वापरास मूल १३ व्या वर्षापासून, म्हणजे सातवीच्या सुमारास, स्वतः संमती देऊ शकते. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती-संरक्षण अधिनियमाने ही मर्यादा १८ वर धरली आहे. येथे मत देण्याचा व अशी संमती देण्याचा अधिकार एकाच वयात येतो, आणि तोवर शाळा सुटलेली असते. फिनलंडचे क्रमांक उचलून येथील अभ्यासक्रमास लावू पाहणाऱ्याने म्हणून प्रथम पालकाच्या सहीचा विचार करावयास हवा.