गाथेतील 'मी' आणि अट्ठकथेतील 'तो'

खुद्दकनिकायातील थेरगाथा व थेरीगाथा हे दोन ग्रंथ म्हणजे भिक्षू-भिक्षुणींच्या आत्मनिवेदनपर गाथांचे संग्रह होत. पहिल्यात २६४ थेरांच्या, तर दुसऱ्यात ७३ थेरींच्या गाथा आहेत. 'मी कोण होतो?' आणि 'आता मी कोणाचा?' हे दोन प्रश्न त्यांतील पुष्कळ गाथांच्या मुळाशी आहेत. ज्या धम्मात अनत्तसिद्धान्त सांगितला, त्याच धम्मात 'मी'ची इतकी गीते कशी निर्माण झाली, अशी शंका अभ्यासकाला येणे स्वाभाविक आहे.

आमच्या मते येथे विसंगती नाही. 'मी' ही जन्मासोबत मिळालेली, न बदलणारी वस्तू असती, तर दासीने कायम दासी आणि पुक्कुसाने कायम पुक्कुसच राहावयास हवे होते. 'मी' बदलू शकतो, म्हणूनच त्या बदलाचे गीत होऊ शकते. सुमंगल थेर विळा, नांगर व कुदळ यांची नावे घेऊन त्यांपासून सुटल्याचा आनंद व्यक्त करतो. मुत्ता थेरी उखळ-मुसळाचे नाव घेते. पूर्वीचे कष्ट ते लपवीत नाहीत आणि मिरवीतही नाहीत. किती अंतर चालून आलो, हे सांगण्यासाठी निघालेल्या गावाचे नाव घ्यावे, तसे ते घेतात.

या दृष्टीने सुनीत थेराच्या बारा गाथा विशेष अभ्यासनीय आहेत. आपण नीच मानलेल्या कुळात जन्मलो, दरिद्री होतो, सुकलेली फुले उचलून टाकणे हा आपला व्यवसाय होता, लोक आपला तिरस्कार करीत आणि आपण अनेकांपुढे नमून वागत होतो, असे तो निःसंकोच सांगतो. मगधाच्या नगरीत भिक्षुसंघासह प्रवेश करणारे तथागत त्याला दिसतात. तो खांद्यावरची कावड खाली ठेवतो आणि वंदन करण्यास स्वतः पुढे जातो. त्याच्यासाठी तथागत थांबतात. तो प्रव्रज्या मागतो, आणि तथागतांचे आमंत्रण हीच त्याची उपसंपदा होते. या कथनात कावड ठेवणे, पुढे जाणे आणि मागणे या तिन्ही क्रियांचा कर्ता सुनीत आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता धम्मपालाची अट्ठकथा पाहावी. ती या गाथांनंतर कित्येक शतकांनी रचली गेली. तीत सुनीताला लपावयास जागा सापडत नाही. तो कावड भिंतीच्या कोपऱ्याशी ठेवतो आणि भिंतीला चिकटल्यासारखा हात जोडून उभा राहतो. एवढ्यावरच अट्ठकथा थांबत नाही. पूर्वजन्मी त्याने एका प्रत्येकबुद्धाची निंदा केली होती, म्हणून त्याला असा जन्म मिळाला, असे कारणही ती देते. गाथेत पुढे चालणारा मनुष्य अट्ठकथेत भिंतीला खिळतो आणि वर अपराधीही ठरतो.

येथे एक आक्षेप संभवतो. गाथेतही रात्रीच्या पहिल्या प्रहरी पूर्वजन्मांचे स्मरण झाल्याचा उल्लेख आहे. तो आहेच, आणि तो दडविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु ज्याला पूर्वजन्म आठवले, तो थेर आपल्या हीन स्थितीचे खापर आपल्या कोणत्याही पूर्वपापावर फोडीत नाही. त्याच्या गाथांत तिरस्कार करणारे लोक आहेत. तिरस्कार योग्य ठरविणारे कारण नाही. ही जागा त्याने रिकामी ठेवली होती. ती अट्ठकथेने भरली, आणि जन्माला पुन्हा न्याय्य ठरविले.

भिंतीचा प्रसंग आपल्या वाचकांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातून परिचित आहे. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. बाबासाहेबांनी तेथे भिंत ठेवली, पण पूर्वजन्मीचे पाप ठेवले नाही. ही निवड आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. भिंत हे सामाजिक वास्तव आहे. रस्त्यावर उभे राहण्यास ज्याला जागा नाही, त्याची ती अवस्था आहे. पूर्वजन्मीचे पाप हे मात्र त्या वास्तवाचे समर्थन आहे. आत्मा नसेल तर कर्म व पुनर्जन्म यांचा अर्थ काय, हा प्रश्न ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी उपस्थित केला होता. सुनीताच्या कथेत तो प्रश्न कृतीत उतरला आहे.

दुसरा प्रश्न 'कोणाचा?' हा. वाराणसीच्या ब्राह्मणकुळातील सुंदरी थेरी स्वतःला बुद्धाची औरस, मुखातून जन्मलेली कन्या म्हणविते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात मुखाचा संबंध ब्राह्मणाशी जोडला आहे. सुंदरी हीच प्रतिमा घेते आणि तिचा अर्थ पालटते: मुखातून जन्मणे म्हणजे धम्मवचन ऐकून नवे होणे, आणि तो जन्म ऐकणाऱ्या सर्वांना खुला आहे. सुनीताच्या गाथांच्या शेवटीही तप, संयम व दम यांनी मनुष्य ब्राह्मण होतो, असे शास्ता सांगतात. अर्थ बदलला, तरी शब्द उच्चस्थानी जुनाच राहिला, ही या काव्याची मर्यादा आम्ही नाकारीत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांना मात्र उसन्या मोठेपणाच्या शब्दाची गरज उरली नाही. 'बौद्ध' हे नाव त्यांना पुरेसे होते.

अट्ठकथा टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. कित्येक थेर-थेरींचे गाव व कूळ आपणांस तिच्यामुळेच कळते, आणि तेवढ्यासाठी आपण तिचे ऋणी आहोत. तथापि माहिती घेणे निराळे आणि न्यायनिवाडा स्वीकारणे निराळे. विहारात सुनीताची कथा सांगताना प्रथम त्याच्या गाथा वाचाव्यात, मग अट्ठकथा ही अट्ठकथा म्हणून सांगावी. नाही तर समोर बसलेले मूल मनात नकळत एक प्रश्न घेऊन घरी जाईल: आपल्या आजोबा-पणजोबांनी असे कोणते पाप केले होते? त्या मुलाला कावड खाली ठेवून पुढे चालत गेलेला सुनीत भेटला पाहिजे.