आरोपी कोण? मूल की पिन?

सातारा जिल्ह्यातील एका शाळेत विज्ञानशिक्षकांशी बोलायला गेलो होतो. कपाटात सहा टॅब्लेट पडून होते. माजी विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या वेळी दिलेले. पडदे शाबूत, पण सगळ्यांची ‘चार्जिंगची पिन गेलेली’. “पोरं वायर ओढतात हो, किती सांगायचं!” गुरुजी म्हणाले. आपल्यापैकी अनेक जण हेच म्हणतील. मला मात्र या खटल्यात आरोपी चुकीचा धरला आहे असे वाटते.

ज्याला आपण पिन म्हणतो ती खरे तर टॅब्लेटच्या कडेची खाच. टाइप-सी प्रकारात वायरीचे टोक सुमारे साडेसहा मिलिमीटर आत जाते, आणि त्याची मूठ दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर राहते. ही सरळ तरफ झाली. खाचेचे तोंड हा टेकू. बाहेरच्या टोकाला १० न्यूटन, म्हणजे साधारण एक किलो वजनाइतका, आडवा ओढा बसला तर आतल्या टोकाशी तीन ते चारपट बल निर्माण होते. ते सोसायचे कोणी? सोल्डरच्या इवल्याशा थेंबांनी. तरफ शिकवताना कात्री आणि पकडीच्या जोडीला हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.

सोल्डरला तडा गेला की सांध्याचा रोध वाढतो. अर्ध्या ओहममधून २ अँपिअर प्रवाह न्यायचा तर १ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. पाचातले चारच उरतात. लिथियम-आयन घट पूर्ण भरायला सुमारे ४.२ व्होल्ट लागतात. मग टॅब्लेट आपण होऊन प्रवाह कमी करतो. पडद्यावर चार्जिंगची खूण दिसत राहते, आणि रात्रभर लावूनही आकडा हलत नाही. शिवाय त्या २ अँपिअरला २ वॉट उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत! टोकाशी चटका बसू लागला तर वायर लगेच काढावी.

सहापैकी दोघांची पिन गेलीच नव्हती. एक टॅब्लेट दुसरी वायर लावताच जागा झाला. दुसऱ्याच्या खाचेत दप्तरातला धागा-कचरा ठासून बसला होता. टॅब्लेट बंद करून लाकडी टूथपिकने तो हलकेच काढला. (टाचणी घालू नये, आतल्या पत्र्या वाकतात. आणि पाठ फुगलेला टॅब्लेट चार्जिंगला लावूच नये.)

उरलेले चार मी सांगलीला दुरुस्तीच्या दुकानात नेले. एकात खाच वेगळ्या छोट्या पट्टीवर होती. दोन स्क्रू काढले, पट्टी बदलली, चहा निवायच्या आत काम झाले. बाकी तिघांत ती मुख्य पाटीवरच डाखलेली. गरम हवेने जुनी उतरवायची, शेजारचे भाग वितळू द्यायचे नाहीत, मग नवी बसवायची. दुपार गेली. म्हणजे सोय करणे अशक्य नव्हते. ती करावी असे कोणाला वाटले नाही, इतकेच.

सांगलीच्या माणसाला इथे किर्लोस्करवाडी आठवणारच. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला लोखंडी नांगरांचा कारखाना आणला. (औंध आज सातारा जिल्ह्यात, वाडी सांगलीत.) लोखंडी नांगरात सर्वांत आधी झिजतो तो फाळ, म्हणून तो वेगळा करून बोल्टने बसवतात. फाळ झिजला म्हणून शेतकरी नांगर फेकून देत नाही, आणि बैलालाही दोष देत नाही.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून टॅब्लेटचे सुटे भाग पुरवण्याचे नियम लागू केले. त्यांच्या यादीत चार्जिंगची खाच आहे. आपल्याकडे ‘दुरुस्तीचा हक्क’ संकेतस्थळ डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले, आणि दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक ठरवायला २०२४ मध्ये समिती नेमली गेली. पण विकत घेणाऱ्याने विचारलेच नाही तर? शाळेने देणगीदारांना लिहिलेले पत्र गुरुजींनी दाखवले. त्यात पडद्याचा आकार होता, साठवणक्षमता होती, आवरणाचा रंगसुद्धा होता. पिन बदलता येते का, हे कुठेच नव्हते.

चारपैकी तीन टॅब्लेट शाळेत परत गेले. चौथा अजून सांगलीतच आहे. त्याच्या मापाची खाच बाजारात मिळत नाही.