फाउस्टिना : आई की मुलगी?

रोमन सम्राट अंतोनिनस पायस याच्या अमदानीतली सोन्याची मोहर आकाराने आपल्या जुन्या पावलीएवढी आणि वजनाने सात-साडेसात मासे. तेवढ्याशा जागेत एका राणीचा चेहरा आणि कडेने तिचे नाव : फाउस्टिना. नाव वाचले की ओळख पटली असे वाटते, आणि फसगत होते ती तिथेच! कारण फाउस्टिना दोन होत्या. एक अंतोनिनसची पत्नी. दुसरी तिचीच मुलगी, मार्कस ऑरेलियसची राणी.

नाकडोळ्यांवर विसंबू नये; मायलेकीच त्या. पाहायचे ते केस. आईच्या वेण्या वर नेऊन माथ्यावर गुंडाळलेल्या, जणू लहानसा मुकुटच. मुलीचे केस लाटांसारखे मागे नेलेले आणि अंबाडा मानेशी. घरातल्या कोणत्याही बाईला हा फरक एका नजरेत दिसेल. पंडितांना मात्र त्यावर ग्रंथ लिहावे लागले.

अक्षरांचीही मदत होते, पण जपून. ‘दिवा’ म्हणजे देवत्व पावलेली. आई इ. स. 140 च्या सुमारास वारली. तिची बहुतेक नाणी त्यानंतरची. मुलगी 175-76 च्या हिवाळ्यात गेली आणि तीही ‘दिवा’ झाली. पण तिच्या नावापुढे सहसा ‘पिआ’ हा शब्द येतो. लॅटिन लिपीत ही अवघी तीन अक्षरे. भारतात सापडलेल्या कितीतरी रोमन मोहरांना, दागिन्यात ओवण्यासाठी, मस्तकाच्या वर दोन भोके पाडलेली आहेत. नेमकी ती तीन अक्षरे त्यात गेली, तर पुन्हा अंबाड्यालाच शरण जायचे!

पण ओळख पटवण्याचा खटाटोप कशासाठी? थोरल्या फाउस्टिनेची नाणी अंतोनिनसने 161 मध्ये मरेपर्यंत, म्हणजे सुमारे वीस वर्षे पाडली. त्याने पुन्हा लग्न केले नाही. हे सारे राजकारण, असे काही टीकाकार म्हणतात. राजघराण्याला देवत्वाचा आधार हवा होता हे मलाही मान्य आहे. तरी तिच्या स्मरणार्थ काढलेल्या एका मोहरेच्या मागील बाजूस ‘फाउस्टिनेच्या मुली’ अशी अक्षरे आहेत. गरीब मुलींच्या पालनपोषणासाठी सम्राटाने तिच्या नावे व्यवस्था लावली, तिचे हे स्मारक. नुसता दरबारी डाव असता, तर मुलींची आठवण कोणाला झाली असती? तिच्या मुद्रेतही लाडिकपणा नाही. कारागिराने तिला तरुण केलेले नाही. भरल्या वयाची, शांत गृहिणी दाखवली आहे. कला म्हणून मला हीच मोहर उजवी वाटते.

धाकटीची नाणी अधिक देखणी, पण त्यांत पाळण्याची घाई आहे. तिला डझनभराहून अधिक मुले झाली, बरीचशी लहानपणीच गेली; आणि नाण्यांवर मात्र सुफलतेची देवता कडेवर मुले घेऊन उभीच. 161 मध्ये जुळे झाले तेव्हा आसनावर दोन बाळे बसवून वर ‘युगाचे सौख्य’ अशी अक्षरे घातली. त्यांतले एक चार वर्षांचे होऊन गेले. दुसरा कोमोडस. त्याच्या जुलमाला विटून 192 मध्ये त्याच्याच माणसांनी त्याला ठार केले.