बोर्ड कुणी कोरला, की कुणी आखला?

विज्ञान प्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक्सचा प्रकल्प दिसला, की परीक्षक आधी त्याचा पी.सी.बी. उलटा करून पाहतात. बोर्ड तपकिरी आणि तांब्याच्या रेषा जरा वेड्यावाकड्या असल्या, तर 'मुलाने स्वतः केले' म्हणून गुण मिळतात. बोर्ड हिरवा, चकचकीत असला, तर 'विकत आणले' असा शेरा पडतो. मीही अनेक वर्षे असेच गुण दिले. ही पद्धत चुकीची आहे, असे आता माझे मत झाले आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात टाकीतील पाण्याची पातळी दाखवणारी दोन उपकरणे शेजारी शेजारी होती. एका मुलाने बोर्ड घरी केला होता, तर एका मुलीने कारखान्यातून करून आणला होता. तिच्या बोर्डावर छापलेल्या आकृतीच्या उलट दिशेने ट्रान्झिस्टर बसवलेले होते. आम्ही तो निष्काळजीपणा समजलो आणि गुण कापले. बक्षीस मुलाला गेले. निकालानंतर तिच्या शिक्षकांनी खुलासा केला. बोर्डाची आखणी तिनेच 'कायकॅड' या मोफत संगणक प्रणालीवर केली होती. त्यात बीसी ५४७ चे एमिटर आणि कलेक्टर यांची अदलाबदल झाली. बोर्ड हाती आले तेव्हा दिवे अगदी मंद लागले. या ट्रान्झिस्टरचा बेस मधल्या पायाला असतो. म्हणून तो अर्धा फिरवला की बाकीचे दोन पाय आपोआप योग्य जागी जातात. हे तिचे तिने शोधले. मुलाने मात्र मासिकात छापलेला नकाशा जसाच्या तसा उतरवला होता. आम्ही ज्या गोष्टीसाठी गुण कापले, तीच खरी विज्ञानाची होती.

याचा अर्थ घरच्या बोर्डाला किंमत नाही, असा मुळीच नाही. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेल्या पट्टीवर रंगाने किंवा मार्करने रेषा काढायच्या आणि ती फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवायची. उघडे तांबे विरघळते, रंगाखालचे शिल्लक राहते. हा पत्रा साधारण ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तिसाव्या भागाहून किंचितच जाड असतो. तो डोळ्यांदेखत नाहीसा होताना पाहिलेला विद्यार्थी 'मुद्रित परिपथ' म्हणजे काय ते विसरत नाही. नकाशा आरशातल्यासारखा उलटा उतरला, तर आयसीचे पाय जुळत नाहीत. हा धडाही हातानेच मिळतो. शिवाय बोर्ड एका संध्याकाळी तयार होतो. कारखान्याची वाट काही दिवस तरी पाहावी लागते, आणि एकच बोर्ड हवा असला तरी अनेक ठिकाणी निदान पाच घ्यावे लागतात.

पण घरच्या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा हाताने नीट येत नाहीत. कारखान्यात ०.१५ मिलिमीटरची रेषा ही नित्याची बाब आहे. दोन्ही बाजूंना जोडणारी, आतून तांब्याचा मुलामा दिलेली छिद्रे घरी करणे फार अवघड. आणि सर्वांत गंभीर प्रश्न उरलेल्या द्रावणाचा. ते बहुधा मोरीत ओतले जाते. त्यातले विरघळलेले तांबे मासे आणि इतर जलचरांना घातक असते. कारखान्यातही असेच सांडपाणी निघते. मात्र तिथे ते एका जागी गोळा होते, त्यातले तांबे परत मिळवता येते आणि नियम पाळले तर त्यावर प्रक्रियाही होते. पर्यावरणाचा प्रकल्प करणाऱ्या शाळेने तांब्याचे पाणी गटारात सोडावे, हे कसे चालेल?

मग शिक्षकांनी काय करावे? प्रत्येक मुलाने बोर्ड कोरण्याची गरज नाही. वर्गात वर्षातून एकदा, हातमोजे आणि चष्मा घालून, शिक्षकांनी एक बोर्ड कोरून दाखवावा. उरलेल्या द्रावणात लोखंडी खिळे टाकावेत. काही वेळाने तांबे खिळ्यांवर जमू लागेल. दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया हीच. नंतर धुण्याचा सोडा थोडा थोडा घालून फसफस थांबली, की गाळ खाली बसतो. तो बंद बरणीत साठवून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा. एखाद्याच उपकरणासाठी छिद्रांचा तयार 'झिरो बोर्ड' पुरतो. तिथे ना कोरणे, ना कारखाना.

परीक्षकांनी मात्र आपला प्रश्न बदलावा. 'हे कुठे केलेस?' असे विचारू नये. 'ही रेषा इथूनच का नेलीस? हा रोध याच किमतीचा का? पहिल्यांदा काय चुकले, आणि ते कसे सापडले?' असे विचारावे. ज्याने आखणी केली तो बोलू लागेल, मग बोर्ड तपकिरी असो वा हिरवा. आम्ही त्या दिवशी एवढे विचारले असते, तर त्या मुलीला न्याय मिळाला असता.